परिशिष्ट अकरावं



कवीला लोक विचारतात, सुचतं कसं? कादंबरीकाराला विचारतात, ही माणसं खरोखरची आहेत का? गणिताचं किंवा यंत्रशास्त्राचं पुस्तक लिहिणाऱ्याला मात्र एकच प्रश्न येतो : कुठल्या विद्यापीठाला लागलंय? या प्रश्नामागे एक समजूत असते. याला विषय येतोच, आता बसून उतरवून काढायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाईल. आज मला या समजुतीविरुद्ध बोलायचं आहे, आणि माझे साक्षीदार ब्राउनश्वाइगचे आहेत.

ब्राउनश्वाइग हे उत्तर जर्मनीतलं, हार्ट्‌स पर्वताच्या उत्तरेला मैदानात वसलेलं शहर. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात मी काही काळ पाहुणा होतो आणि तेव्हा माझं स्वतःचं पुस्तक हातात अर्धवट होतं. त्यामुळे असेल, पण त्या गावात मला किल्ले आणि चर्च यांच्यापेक्षा पुस्तकं कुठे लिहिली गेली आणि कुठे छापली गेली हेच दिसत राहिलं. बुर्गप्लाट्‌स नावाचा चौक आहे. मध्ये ड्यूक हाइनरिशच्या काळातल्या ब्राँझच्या सिंहाची प्रतिकृती उभी आहे. मूळ सिंह ११६६च्या सुमाराचा, तो आत जपून ठेवला आहे. सिंहासमोर एक मोठी, गंभीर चेहऱ्याची इमारत आहे. आज तिथे राज्याचं वस्तुसंग्रहालय आहे, पण घराला अजूनही फीवेगचं घर म्हणतात. फ्रीड्रिश फीवेग हा प्रकाशक १७९९मध्ये तेव्हाच्या ड्यूकच्या निमंत्रणावरून आपला व्यवसाय बर्लिनहून इथे घेऊन आला. जर्मन विज्ञानाच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जी मोठी पुस्तकं निघाली, त्यांतली कितीतरी याच नावाने निघाली. लीबिगचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं १८४०चं पुस्तक घ्या, किंवा आइन्स्टाइनचं सापेक्षतेवरचं छोटं पुस्तक घ्या. मुखपृष्ठावर गावाचं नाव ब्राउनश्वाइगच.

पण सुरुवात गाउसपासून करू. कार्ल फ्रीड्रिश गाउस १७७७मध्ये याच गावात, गरीब घरात जन्मला. जन्मघर होतं ते १९४४च्या बाँबहल्ल्यात गेलं. ड्यूकच्या पैशावर शिकून तो १७९८च्या शरदात ग्योटिंगेनहून गावी परतला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. नोकरी नव्हती. डोक्यात आणि कागदांत संख्यासिद्धान्ताचं एक पुस्तक होतं. ते १८०१मध्ये लाइप्त्सिगला छापून बाहेर पडलं. लॅटिनमध्ये लिहिलेलं हे ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ गणिताच्या इतिहासातल्या मोजक्या मोठ्या ग्रंथांत गणलं जातं. त्याबद्दल बोलताना सगळे पट्टी-कंपासने काढलेल्या सतरा बाजूंच्या बहुभुजाबद्दल बोलतात. त्या शोधाची नोंद ३० मार्च १७९६ची. त्याच दिवसापासून गाउसने एक टिपणवही सुरू केली. ती वही त्याच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी नातवाकडे सापडली. सगळ्या मिळून १४६ नोंदी, बहुतेक एकदोन ओळींच्या. काय सापडलं आणि कधी. बस्स.

माझं म्हणणं असं की वही आणि पुस्तक शेजारी ठेवून पाहावं. वहीत आनंद आहे. तीन त्रिकोणी संख्यांची बेरीज करून कोणतीही पूर्ण संख्या मिळते हे १७९६च्या जुलैत सापडलं तेव्हा पठ्ठ्याने आर्किमिडीजसारखं ग्रीकमध्ये ओरडून ठेवलं आहे. तीच गोष्ट पुस्तकात येते पाचव्या प्रकरणात, खूप पुढे, दोन आणि तीन चलांच्या वर्गरूपांचा अख्खा सिद्धान्त उभा झाल्यावर, त्याचं एक उपप्रमेय म्हणून. शोध एका दिवशी लागला. त्याच्याखाली जमीन तयार करायला वर्षं लागली. एकट्या पाचव्या प्रकरणाने निम्म्याहून जास्त पुस्तक खाल्लं. रोजचं लिहिणं ते हे. काल जे दिसलं ते आज शंभर पानं अलीकडून, पायरी न चुकवता, न दिसणाऱ्याला दाखवायचं.

आता एक कारागिरीची गोष्ट. पुस्तकात ३६६ परिच्छेद आहेत आणि सगळ्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक आहेत. गाउस मागचा संदर्भ देतो तो पानाचा नाही, परिच्छेदाचा. यात विद्वत्ता नाही, व्यवहार आहे. त्या काळी फर्मे जुळत आणि छापत जायचे. पुढचं प्रकरण लेखकाच्या टेबलावर आणि मागचं छापून पडलेलं, अशी अवस्था. पान क्रमांक कुठे येईल हे लिहिणाऱ्याला कसं कळणार? ज्यांनी मराठीत शास्त्रीय पुस्तक काढलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. एक आकृती वाढली की ‘आकृती ४.७ पाहा’ हे वाक्य जिथे जिथे आहे तिथे शोधत हिंडायचं. संगणक आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं. मग जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं उडाली, आणि समीकरणातला आकडा देवनागरी ठेवायचा की इंग्रजी, आकृतीतला बिंदू ‘अ’ म्हणायचा की ‘ए’, यावर लेखक, संपादक आणि अक्षरजुळणीवाला यांची तीन मतं झाली. असो.

छापलेला फर्मा मागे घेता येत नाही, याचा चटका गाउसलाही बसला. फ्रान्सच्या लजांद्रचं संख्यासिद्धान्तावरचं पुस्तक १७९८मध्ये निघालं. ते गाउसच्या हातात पडलं तेव्हा त्याच्या पुस्तकाचा बराच भाग छापखान्यात गेलेला होता; हे त्याने प्रस्तावनेत सांगून टाकलं आहे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पुस्तकात सात प्रकरणं आहेत. पण मजकुरात, तळटीपांत मधूनमधून तो वाचकाला आठव्या प्रकरणाकडे पाठवतो. ते प्रकरण छापलंच गेलं नाही. खर्च आणि आकार आवरायचा होता. एकोणिसाव्या शतकातले कितीतरी वाचक त्या दाराशी जाऊन परतले असतील. त्या प्रकरणाची हस्तलिखितं गाउसच्या समग्र लेखनात आली १८६३मध्ये, तो गेल्यानंतर आठ वर्षांनी.

आणि दुसरा एक हिशेब पाहा. १८०१च्याच जानेवारीत पलेर्मोला पियाझ्झीने सिरीस हा लघुग्रह पाहिला आणि तो सूर्यामागे हरवला. गाउसने ब्राउनश्वाइगमध्ये बसून त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता तो सांगितल्या जागी सापडला. सगळ्या युरोपात नाव झालं. पण कक्षा कशी काढतात याचं पुस्तक केव्हा आलं? १८०९मध्ये. आधी ते त्याने जर्मनमध्ये लिहिलं होतं. हांबुर्गच्या प्रकाशकाला लॅटिन हवं होतं, म्हणून पुन्हा लॅटिनमध्ये केलं. गणित काही महिन्यांचं, पुस्तक आठ वर्षांचं.

तरीही गाउस माझा मुख्य साक्षीदार नाही. त्याच्या पुस्तकात लिहिण्याचे कष्ट दिसत नाहीत, कारण त्याने ते दिसू नयेत अशीच व्यवस्था केली. माझा खरा साक्षीदार आहे रिशार्ड डेडेकिंड.

डेडेकिंड १८३१चा, ब्राउनश्वाइगचाच. गाउसकडे डॉक्टरेट केलेला शेवटचा विद्यार्थी. ग्योटिंगेन, मग झुरिच, आणि १८६२मध्ये तो गावी परत आला, तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला. बाहेरची निमंत्रणं येत राहिली, तो गेला नाही. लग्न केलं नाही. बहीण यूलिया कादंबऱ्या लिहायची, तिच्यासोबत राहायचा, वाद्यं वाजवायचा. १८७२ ते ७५ संस्थेचा संचालक होता. वर्गातली मुलं बहुतेक पुढे इंजिनियर आणि वास्तुशिल्पी होणारी. त्याच्या डोक्यात जे गणित चालू होतं, ते शिकवावं असा वर्ग गावात नव्हता. आपल्याकडच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या गणिताच्या मास्तरांना ही परिस्थिती चांगली ओळखीची वाटेल.

त्याचे शिक्षक डिरिक्ले १८५९मध्ये वारले. संख्यासिद्धान्तावरची त्यांची व्याख्यानं प्रसिद्ध होती, पण पुस्तक त्यांनी लिहिलं नव्हतं. डेडेकिंड त्या व्याख्यानांना बसला होता, त्याच्याजवळ मुख्य मुद्द्यांची टिपणं होती आणि सरांशी झालेली बोलणी आठवत होती. त्यातून त्याने पुस्तक उभं केलं. ते १८६३मध्ये ब्राउनश्वाइगला फीवेगने छापलं. मुखपृष्ठावर नाव डिरिक्लेंचं. खाली, संपादन आणि पुरवणी डेडेकिंडची. पुस्तक जवळजवळ सगळं त्याच्या हातचं होतं, पण जन्मभर तो त्याला डिरिक्लेंचंच पुस्तक म्हणत राहिला.

आपल्याकडे किती मास्तरांच्या वह्या अशा पडून आहेत! तीस-तीस वर्षं सुधारत आणलेल्या वह्या, विद्यार्थी ज्यांची झेरॉक्स काढून परीक्षा पास होतात, आणि सर गेल्यावर घरचे लोक ज्या रद्दीत घालताना क्षणभर थबकतात. डेडेकिंडसारखा विद्यार्थी प्रत्येकाला मिळत नाही, हे मान्य. पण ज्यांना विद्यार्थी मिळाले त्यांचं तरी काय झालं?

पुढे काय घडलं ते ऐका. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली १८७१मध्ये. साधा संपादक छापखान्याच्या चुका सुधारून मोकळा झाला असता. डेडेकिंडने शेवटी एक नवं परिशिष्ट जोडलं, दहावं. त्यात एक अडचण सोडवली होती जी शाळेतलं गणित आलेल्या माणसालाही समजते. ६ ही संख्या २ गुणिले ३ अशी फोडता येते, आणि मूळ अवयवांत दुसऱ्या कोणत्याही रीतीने फोडता येत नाही. पण उणे पाचचं वर्गमूळ सामील करून घेतलं की ६ म्हणजेच १ अधिक ते वर्गमूळ, गुणिले १ उणे ते वर्गमूळ. एकाच संख्येचे दोन वेगळे संसार! अंकगणिताचा पायाच डळमळतो. कुमर या गणितीने काही खास संख्यांपुरता यावर उपाय काढला होता. डेडेकिंडने असा उपाय मांडला की एकेका संख्येऐवजी संख्यांचे विशिष्ट समूह घ्यायचे, आणि त्या समूहांची फोड पुन्हा एकाच प्रकारे होते. या समूहांना आपण आज आयडियल म्हणतो. आधुनिक बीजगणिताची एक मोठी मुळी इथे आहे, आणि ती सापडते कुठे? मेलेल्या शिक्षकाच्या पाठ्यपुस्तकाच्या मागच्या परिशिष्टात.

साहजिकच कुणी वाचलं नाही. परिशिष्ट कोण वाचतं? डेडेकिंड निराश झाला होता, हे त्याच्या पत्रव्यवहारातून दिसतं. १८७६मध्ये गणिती लिप्शिट्‌सने सुचवलं की फ्रेंच वाचकांसाठी पुन्हा लिहा. मग त्याने ते वेगळ्या मांडणीने, सावकाश, कारणं सांगत लिहिलं. १८७९च्या तिसऱ्या आवृत्तीत पुन्हा नव्याने. आता परिशिष्ट अकरावं झालं होतं. १८९४च्या चौथ्या आवृत्तीत पुन्हा एकदा. तोपर्यंत ते एकटं परिशिष्ट दोनशेहून जास्त पानांचं झालेलं होतं. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

तेवीस वर्षं, एकच सिद्धान्त, चार वेळा लिहिलेला. सिद्धान्त पहिल्याच वेळी बरोबर होता. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा का लिहिला? कारण त्याला आकडेमोडीने सिद्ध केलेलं समाधान देत नव्हतं; मूळ कल्पनेवरून गोष्ट आपसूक निघाली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता, आणि ती कल्पना कोणती हे लिहिल्याशिवाय त्यालाही पुरतं कळत नव्हतं. प्रत्येक आवृत्तीत व्याख्यांचा क्रम बदलला, आणि क्रम बदलला की विषय बदलला. शास्त्रीय पुस्तक लिहिणाऱ्याचा बराचसा दिवस यातच जातो. आधी काय सांगायचं? हे प्रकरण दोनवर नेलं तर तीनमधलं उदाहरण बसतं, पण पाचमधलं कोसळतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं माणूस कागद खालीवर करतोय. मी खात्रीने सांगतो की विषय समजणं म्हणतात ते याच वेळी होत असतं.

एमी नोएथर ही विसाव्या शतकातली बीजगणितातली फार मोठी गणिती. आपल्या विद्यार्थ्यांना ती म्हणायची की हे सगळं डेडेकिंडकडे आधीच आहे. १९३० ते ३२ या काळात डेडेकिंडचं समग्र गणिती लेखन तीन खंडांत निघालं. संपादक ब्राउनश्वाइगचे फ्रिके, नॉर्वेचे ओरे आणि नोएथर. प्रकाशक पुन्हा फीवेगच. १९३३मध्ये ज्यू म्हणून तिला ग्योटिंगेनमधून काढलं गेलं, त्याच्या अगदी आधीचं तिचं हे काम. तिने विद्यार्थ्यांना परिशिष्टाच्या निरनिराळ्या आवृत्त्या वाचायला लावल्या, फक्त शेवटची नव्हे. हे मला तिच्या थोरवीचं लक्षण वाटतं.

डेडेकिंडचं दुसरं छोटं पुस्तक सातत्य आणि अपरिमेय संख्या यांवरचं, १८७२चं, तेही फीवेगचं. त्याची जन्मकथा त्याने स्वतः प्रस्तावनेत दिली आहे. १८५८च्या शरदात झुरिचला तो पहिल्यांदा कलनशास्त्राची मूलतत्त्वं शिकवत होता. शिकवताना जाणवलं की संख्यारेषेला खंड नाही हे आपण आकृती दाखवून पटवतोय, सिद्ध काहीच करत नाही. वर्गात उभ्या असलेल्या मास्तराची ही अस्वस्थता; मुलांना कदाचित कळलीही नसेल. २४ नोव्हेंबर १८५८ला त्याला उत्तर मिळालं. सगळे परिमेय अपूर्णांक दोन गटांत कापायचे, डावीकडचा प्रत्येक उजवीकडच्या प्रत्येकाहून लहान; कापलं तिथे परिमेय संख्या नसेल तर तो कापच नवी संख्या समजायचा. आणि मग तो म्हणतो की दोनचं वर्गमूळ गुणिले तीनचं वर्गमूळ बरोबर सहाचं वर्गमूळ, हे आजवर कुणी नीट सिद्धच केलेलं नाही. नववीच्या वहीत आपण सगळ्यांनी लिहिलेली ओळ!

उत्तर सापडलं १८५८मध्ये, पुस्तक आलं चौदा वर्षांनी. मांडणी सोपी नाही आणि विषय फारसा फलदायी वाटत नाही, असं कारण तो देतो. अखेर वडिलांच्या सेवेची पन्नास वर्षं पूर्ण होत होती, त्या समारंभाला अर्पण करायला काहीतरी हवं होतं, म्हणून लिहिलं. प्रस्तावना लिहीत असतानाच काँटोर या गणितीचा याच विषयावरचा निबंध हातात पडला. म्हणजे शेवटी तारीख अंगावर आली तेव्हाच पुस्तक झालं. मोठ्या माणसांचंही असंच होतं हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आणि आइन्स्टाइन? सापेक्षतेचा व्यापक सिद्धान्त १९१५च्या नोव्हेंबरात पुरा झाला. जानेवारी १९१६मध्ये तो बेस्सो या मित्राला कळवतो की सिद्धान्तावर पुस्तक लिहायला हवं, पण सुरुवातच होत नाही. आणि लिहिलं नाही तर सिद्धान्त कुणाला समजणार नाही. सिद्धान्त ज्याने केला त्यालाच टेबलापाशी बसवेना! वर्षअखेरीस प्रस्तावना झाली, १९१७मध्ये फीवेगने पुस्तक काढलं. प्रस्तावनेत तो स्पष्ट सांगतो की समजावं म्हणून मी पुनरुक्ती केली आहे, लालित्याची फिकीर केलेली नाही. १९२२पर्यंत पुस्तक चौदाव्या आवृत्तीला पोचलं होतं. आपल्याकडच्या परीक्षकांनी ‘पुनरुक्ती टाळावी’ असा शेरा मारण्याआधी ही प्रस्तावना वाचावी.

मराठीत हे नवं आहे असं कुणी समजू नये. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६मध्ये निघालं आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी ते वाढवलं, मोडलं, पुन्हा बांधलं. शंकर बाळकृष्ण दीक्षित मास्तरकी करत होते. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसासाठी त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहायला घेतला. तो ग्रंथ १८९६मध्ये छापून आला आणि दोन वर्षांत दीक्षित गेले. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी काय बदललं असतं हे कळायला आता मार्ग नाही. शाळा सुटल्यावर, रात्री, जुन्या सिद्धान्तग्रंथांतले ग्रहांचे आकडे पुन्हा पुन्हा पडताळत बसलेल्या त्या माणसाचा रोजचा दिवस कसा असेल, याची कल्पना मी आकडे पडताळणारा माणूस म्हणून करू शकतो. डेडेकिंडला नुसती वर्षंच जास्त मिळाली, असं नाही. त्याला एकाच पुस्तकाच्या चार आवृत्त्या काढू देणारा प्रकाशक मिळाला, आणि तो प्रकाशक त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

इथे माझं भाषण प्रकाशकांकडे वळतं, आणि सभागृहात दोघेतिघे आहेत हे मला दिसतं आहे. मराठीत शास्त्रीय पुस्तक संपलं की त्याचं पुनर्मुद्रण होतं. जुन्या फायली छापखान्यात जातात, मुखपृष्ठावर ‘दुसरी आवृत्ती’ लागते, आत एक स्वल्पविरामही हललेला नसतो. अभ्यासक्रम बदलला तर मागे चार पानं चिकटवतात. लेखकाला बहुतेक वेळा पुस्तक बाजारात आल्यावर कळतं. त्याच्या घरी मात्र पहिल्या आवृत्तीची एक प्रत असते, समासात लिहून भरलेली, चिठ्ठ्या खोचलेली. ती प्रत म्हणजेच खरी दुसरी आवृत्ती. ती मागायला कुणी येत नाही.

तेव्हा प्रकाशकांना माझी विनंती आहे की पुनर्मुद्रणाआधी लेखकाला सहा महिने आधी कळवा आणि ती समासात लिहिलेली प्रत मागून घ्या. अक्षरजुळणीचा खर्च वाढेल. किंमत वीस-पंचवीस रुपयांनी वाढवा, वाचक देतील. लेखक हयात नसेल तर त्याच्या विद्यार्थ्याला विचारा. आणि इथे बसलेल्या शिक्षकांना विनंती अशी की आपल्या सरांची वही कुणाकडे असेल तर येत्या सुट्टीत तिचं पहिलं प्रकरण लिहून काढा. मुखपृष्ठावर नाव सरांचं घाला. परिशिष्टात तुम्हाला पाहिजे तेवढी जागा आहे.